पावती माझ्याही नावाची फाडा

हॉटेलच्या उद्घाटनाला मी घरच्या सगळ्यांना घेऊन गेले होते. कॉलेजातला मित्र, कोल्हापुरात मिसळीचं हॉटेल काढलेलं, आत सत्यनारायण चाललेला. दारावरची पाटी, मेनूकार्ड, पोरांचे टी-शर्ट, कागदी पिशव्या, जिकडे बघावं तिकडे मी काढलेला लोगो. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मित्र शेजारी येऊन बसला आणि खर्चाचं गाऱ्हाणं सांगायला लागला. पीओपीवाल्याने किती घेतले, फरशीवाल्याने किती. धुराड्याचं काम चुकलं म्हणून दुसऱ्यांदा करून घेतलं, तर त्याचेही पैसे मोजावे लागले. फ्लेक्सवाला चौरस फुटामागे एक रुपया सोडायला तयार नाही. हलगीवाल्यांनी आधी पैसे हातात घेतले, मग हलगी शेकली. गुरुजींची दक्षिणा तर ठरलेलीच. यादी संपल्यावर समाधानाने म्हणाला, "एक तुझं काम तेवढं बरं झालं बघ. अगदी घरच्यासारखं."

घरच्यासारखं म्हणजे फुकट. त्या सगळ्या मांडवात पैसे न मिळालेली मी एकटीच होते. सत्यनारायणालासुद्धा सव्वा रुपया ठेवलेला होता.

हा मित्र वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्री-अपरात्री गाडी घेऊन आलेला माणूस आहे. उद्घाटनाच्या आधी दोन महिने, रात्री अकराला त्याचा मेसेज आला होता. "हॉटेल काढतोय. एक लोगो टाक की. साधाच. तुझ्यासाठी दोन मिनिटांचं काम." मी लगेच लिहिलं, "करते की!" त्याने किती घेशील असं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. म्हणजे निम्मा दोष माझा. आजी म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. आमच्या धंद्यातली निम्मी माणसं या बहिणीच्याच घरी राहतात.

या प्रश्नावर दोन ठाम मतं ऐकू येतात. एक, मैत्रीत पैसे कसले. दुसरं मत आमच्या व्यवसायातल्या तरुण मुलांचं: फुकट एक रेघही मारायची नाही, सख्खा भाऊ असला तरी कोटेशन पाठवायचं. मला दोन्ही पटत नाहीत. मी फुकट काम करते, पुढेही करीन. माझं म्हणणं इतकंच, की फुकट द्यायचं की नाही आणि किती द्यायचं हे देणाऱ्याने ठरवावं, आणि दिलं ते कुठेतरी लिहिलं जावं. आपल्याकडे हे नवीन नाही. लोगोच्या बाबतीतच तेवढं आपण ते विसरलो.

पण आधी त्या दोन मिनिटांबद्दल.

हॉटेलचं नाव इथे सांगत नाही, पण पहिलं अक्षर ठ आहे. ठ हे देवनागरीतलं मोठं लोभस आणि तितकंच तापदायक अक्षर. त्याला उभा दंड नाही. शिरोरेषेला लोंबणारा एवढासा देठ आणि खाली गोल पोट. शेजारी दंडाचं अक्षर आलं की ठ एकटा पडतो आणि मध्ये नको तेवढी पोकळी दिसते. दोघांना जवळ आणावं तर पोट शेजाऱ्याला घासतं. पहिले दोन दिवस मी नुसती ही पोकळी निस्तरत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ते पोट म्हणजेच वरून बघितलेली मिसळीची ताटली आहे. मग आनंदाने त्यात फरसाण काढलं. टी-शर्टावरच्या भरतकामात त्या फरसाणाचा चिखल होतो आणि रबरी शिक्क्यावर ताटलीच्या जागी काळा डाग उमटतो, हे करून बघितल्यावर कळलं. फरसाण गेलं. राहिली कटाची एक तिरकी रेघ आणि कडेला लिंबाची फोड. रंग दोनच ठेवले, कारण कागदी पिशवी छापणारा प्रत्येक रंगाचे वेगळे पैसे लावतो. मग एका रंगात नीट दिसतं का ते बघितलं. अंगठ्याच्या नखाएवढं करून बघितलं, शटरएवढं करून बघितलं. रिक्षातून जाणाऱ्याला वाचता येईल का, हे तपासायला मोठी प्रिंट गॅलरीच्या कठड्याला चिकटवली आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले. शेजारच्या काकूंनी विचारलं, काय हरवलं का गं?

वहीत तास मांडून ठेवायची मला सवय आहे. २१ तास झाले होते. करेक्शन वेगळी.

करेक्शनबद्दल एक निरीक्षण आहे. पैसे देणारा गिऱ्हाईक घरात बसून, विचार करून, एकदा किंवा दोनदा बदल सांगतो. तिसऱ्या फेरीला जादा पैसे लागतील हे त्याला माहीत असतं. फुकटच्या कामाला मात्र मालक फार होतात. मित्राने लोगो पाहिला, आवडला म्हणाला, मग तो बायकोला, भावाला, जिममधल्या ग्रुपला पाठवला. मेहुण्याचा निरोप आला की मिरची पाहिजे, आणि मिरचीला मिशा पाहिजेत, कोल्हापुरी वाटलं पाहिजे. मिश्यांच्या मिरचीवर माझे तीन दिवस गेले. शेवटी मिरची रद्द झाली, ती मेहुण्याच्या साडूला आवडली नाही म्हणून. फुकट कामात नुकसान फक्त करणाऱ्याचं होतं असं समजू नका. ज्याची किंमत मोजलेली नाही त्याच्याबद्दल जाणकाराचं ऐकावं, असंही कोणाला वाटत नाही. त्यामुळे फुकट लोगो पुष्कळदा वाईटच निघतो. माझा मिरचीतून वाचला हे नशीब.

आता मैत्रीत हिशोब नसतो या वाक्याकडे वळते. मराठी माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. लग्नात मांडवाच्या दाराशी टेबल टाकून जे काका बसलेले असतात, त्यांच्यासमोर काय असतं? आहेराची वही. अमुक अमुक, १०१ रुपये. तमुक, साडी-चोळी. कोणीतरी, स्टीलचा डबा. ही वही कपाटात वीस-वीस वर्षं जपली जाते आणि त्या माणसाच्या घरी कार्य निघालं की बाहेर येते. त्यांनी काय घातलं होतं ते बघून आपण तेवढंच किंवा थोडं चढतं घालतो. या वहीमुळे नात्याचा बाजार झाला असं कोणी म्हणत नाही. उलट वही सापडली नाही तर घरातल्या बायकांच्या जिवाला घोर लागतो.

शेतातही तेच. आज आपण शेजाऱ्याच्या रानात भांगलायला जायचं, उद्या त्याने आपल्या रानात यायचं. माणसाला माणूस, दिवसाला दिवस, बैलाला बैल. कुठे याला सावड म्हणतात, आमच्याकडे पैरा. पैशाचा व्यवहार शून्य, पण ज्याने पैरा फेडला नाही त्याच्या बांधावर पुढच्या हंगामात कोणी फिरकत नाही. इर्जिकीत तर परतफेडही दिवसाच्या मापात नसायची. गावातले लोक आपापली औतं घेऊन एकाच्या रानात उतरायचे. पण त्यांना पोटभर चांगलंचुंगलं जेवू घालणं ही त्या शेतकऱ्याची जबाबदारी असे, आणि कोणाच्या रानात कोणी घाम गाळला हे अख्ख्या गावाला ठाऊक असे.

आहेर, पैरा, इर्जिक या तिन्हींत बिल नाही, पण हिशोब आहे. दिलेलं दिसतं, लक्षात राहतं, फिरून येतं. रात्री अकराच्या मेसेजवर केलेला लोगो यांतल्या कशातच बसत नाही.

बलुतं मी मुद्दामच यात धरलेलं नाही. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांना वर्षाचं काम करून सुगीत धान्याचा वाटा मिळे, हाही रोकडीशिवायचा व्यवहारच होता, असं काही जण कौतुकाने सांगतात. पण तिथे वाटा किती हे काम करून घेणारा ठरवी आणि नाही म्हणायची सोय नव्हती. त्यातही महार वतनाच्या नावाखाली माणसं कशी राबवली गेली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. ते वतन मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं. गावकामाची कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडलं. पंख्याखाली बसून लोगो काढणाऱ्या बाईने स्वतःची तुलना त्या माणसांशी करू नये, आणि मी करत नाही. त्या इतिहासातून मी एवढंच उचलते, की 'नाही' म्हणायची मोकळीक नसेल तर त्या देण्याला दान म्हणता येत नाही.

एकदा उलटं करून बघितलं. त्या मित्राला फोन करून म्हणावं, "पोराचा वाढदिवस आहे, चाळीस प्लेट मिसळ पाठव की. साधीच. कांदा-लिंबू नसलं तरी चालेल. तुझ्यासाठी दोन मिनिटांचं काम." माझी हिंमत होणार नाही. त्याचीही होणार नाही 'पाठवतो' म्हणायची, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मटकी दिसते, तेल दिसतं, गॅसची टाकी दिसते. माझ्या कामात संपणारं काहीच दिसत नाही. कॉम्प्युटर कालही होता, आजही आहे. जो माल संपताना दिसत नाही तो फुकटच असणार, असा साधा समज त्यामागे आहे.

हा समज काही आभाळातून पडला नाही. माझ्या लहानपणी पाट्या रंगवणारे पेंटर होते. त्यांचा अक्षराला दर असायचा. अक्षर मोठं तर जास्त, अक्षरामागे सावली टाकली तर आणखी. 'एवढी पाटी फुकट रंगव' असं त्यांना कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही, कारण माणूस उन्हात शिडीवर उभा दिसायचा. मग फ्लेक्स आला आणि शिड्या गेल्या. फ्लेक्सवाल्यांनी स्पर्धेपायी एक पाटी लावली: छपाईबरोबर डिझाइन मोफत. लग्नपत्रिकावाल्यांनी तेच केलं. कॉम्प्युटरवर बसलेला डीटीपीवाला पोरगा, त्याचं डिझाइनचं कोरलड्रॉ, त्याची मराठी अक्षरांची श्रीलिपी, हे सगळं चौरस फुटाच्या दरात आणि पत्रिकेच्या शेकड्यात गडप झालं. मोफत ते कधीच नव्हतं, बिलावर त्याची वेगळी ओळ नव्हती इतकंच. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलं की डिझाइन म्हणजे भाजीवर वरून मिळणारी कोथिंबीर. दोन काड्या टाका की हो मावशी! मावशी टाकतातही, पण त्या काड्यांचे पैसे त्यांनी मेथीच्या पेंडीत आधीच धरलेले असतात. मी मेथी विकत नाही. माझ्या टोपलीत कोथिंबीरच आहे.

बाईमाणूस असलं तर आणखी एक शब्द अंगावर येतो. हौस. "तुला हौसच आहे ना याची." "घरीच असतेस, तेवढाच विरंगुळा." एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, उपयोजित कलेची पदवी घेतली, अठरा वर्षं हाच धंदा केला, आयकर भरला, तरी घरातून काम करते म्हटल्यावर माझं काम मेंदी, रांगोळी आणि रुखवताच्या रांगेत जाऊन बसतं. मेंदी-रुखवतही फुकट का, हा प्रश्न आहेच. ज्या मुलीची रांगोळी चांगली तिला नात्यातल्या प्रत्येक बारशाला पहाटे उठवतात. हौसेला मोल नाही, अशी म्हण आहे. तिचा अर्थ असा, की हौस करणारा स्वतःच्या पैशाकडे बघत नाही. आपण तो फिरवून दुसऱ्याच्या हौसेला पैसे द्यायचे नसतात असा करून टाकला. सर्जनलाही आपलं काम आवडत असेल. त्या आवडीपायी कोणी ऑपरेशनचे पैसे कापून घेत नाही.

पैशाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. १९७१ साली अमेरिकेत पोर्टलंड स्टेट विद्यापीठात कॅरोलिन डेव्हिडसन नावाची मुलगी कला शिकत होती. तिथेच हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या फिल नाइट यांच्या बुटांच्या कंपनीसाठी तिने एक चिन्ह काढून दिलं आणि ३५ डॉलर घेतले. तेच आजचं नाइकीचं चिन्ह. मला ही गोष्ट पाठवणाऱ्यांना सुचवायचं असतं की बघ, एवढं मोठं चिन्ह, पण तिने काही पैशासाठी अडवलं नाही. मी ती नेमकी उलटी वाचते. तिने तासाला २ डॉलर असा दर लावला होता. रक्कम लहान होती, पण शून्य नव्हती. घेणारा माणूस हिशेबाचा मास्तर होता, त्यामुळे या कामाला दाम असतो हे त्याला कोणी समजावावं लागलं नाही. १९८३ मध्ये कंपनीने तिला बोलावून हिरा जडवलेली सोन्याची अंगठी आणि कंपनीचे शेअर दिले. ३५ डॉलरची नोंद होती, म्हणून ते किती कमी होते हे बारा वर्षांनी कोणाला तरी कळलं, असं मला वाटतं. शून्याच्या बाबतीत कमी की जास्त हा प्रश्नच उठत नाही.

फुकटाचंही एक उत्तम उदाहरण त्याच देशात आहे. न्यूयॉर्कवरचं प्रेम सांगणारं लाल बदामाचं चिन्ह मिल्टन ग्लेझर यांनी १९७७ मध्ये काढलं. पहिलं रेखाटन टॅक्सीत बसून, एका पाकिटावर, लाल खडूने. शहर तेव्हा दिवाळखोरीच्या काठावरून नुकतं मागे आलं होतं. ग्लेझर त्याच शहरात जन्मलेले, तिथेच वाढलेले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्या चिन्हाच्या वापरातून राज्य पुढे भरपूर कमावत राहिलं, पण ग्लेझर यांनी दिलं ते जाणूनबुजून दिलं होतं, आणि देणारा कोण हे जगाला माहीत आहे. ते पाकीट आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. अशा फुकटाबद्दल माझी तक्रार नाही.

आपल्याकडे मित्रांपेक्षा मोठा फुकट्या म्हणजे स्पर्धा. चिडून लिहिते आहे, पण विचार करून. रुपयाच्या चिन्हासाठी केंद्र सरकारने स्पर्धा घेतली, तीन हजारांहून अधिक चिन्हं आली. २०१० मध्ये आयआयटी मुंबईत शिकणाऱ्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं आणि त्यांना अडीच लाखांचं बक्षीस मिळालं. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानाचं चिन्हही स्पर्धेतूनच आलं. आमच्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा गांधीजींचा चष्मा. बक्षीस ५०,००० रुपये. त्या दिवशी इथल्या प्रत्येक डिझायनरची मान ताठ झाली होती, माझीही. दोन्ही चिन्हं चांगली आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्या हजारो न निवडलेल्या चिन्हांमागचे तास कोणी मोजले? रस्ता बांधायचा तर कंत्राटदाराला निविदा भरायला सांगतात. प्रत्येकाने एकेक किलोमीटर बांधून दाखवा, आवडेल त्याचे पैसे देऊ, असं कोणी म्हणत नाही. चिन्हाच्या बाबतीत म्हणतात. भारतीय स्टेट बँकेचं ते निळं वर्तुळ आणि खालची फट १९७१ सालीच, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शेखर कामत यांनी काढली. आजही ती जुनी वाटत नाही. जाणत्या माणसाकडे काम सोपवून चांगलं चिन्ह मिळतं, हे आपल्या सार्वजनिक संस्थांना पन्नास वर्षांपूर्वी माहीत होतं. आता नगरपालिकेपासून साहित्यविषयक मंडळापर्यंत सगळ्यांना स्पर्धा हवी. विजेत्याला प्रमाणपत्र आणि सन्मानचिन्ह. ते सन्मानचिन्ह बनवणाऱ्याला मात्र रोख पैसे मिळतात.

आता विरोधी बाजू. माझी एक बालमैत्रीण डॉक्टर आहे. मी तिला रात्री पोराचे रिपोर्ट पाठवते, ती बघून औषध कळवते, पैसे घेत नाही. मग मीच दुटप्पी नाही का? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळलं. मी काढलेला मार्ग असा, की बघणं वेगळं आणि करणं वेगळं. मित्राने दोन लोगो पाठवून कोणता बरा विचारलं तर मीही दोन मिनिटांत सांगेन, कितीही वेळा. ती दोन मिनिटं खरोखरच दोन मिनिटं असतात. मैत्रिणीकडे मूळव्याधीचं ऑपरेशन फुकट करून घ्यायला मी जाणार नाही. आणि खरं सांगायचं तर तिचीही भीड मी वापरते आहेच. मध्यंतरी तिच्या दवाखान्याची पाटी, कागदपत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळं नव्याने करून दिलं आणि वर लिहिलं: पैरा फेडला. ती पोट धरून हसली, पण तो कागद तिने फाइलला लावून ठेवला.

नवशिक्यांनी तरी फुकट करावं, त्यातून नाव होतं, हेही म्हणतात. थोडं खरं आहे. कॉलेजातल्या पोराकडे दाखवायला काही नसतं. पण फुकट केलेल्या कामाने नाव होतं ते 'फुकट करणारा' म्हणूनच. पहिलं काम ज्याचं फुकट केलं तो दुसऱ्यालाही त्याच भावात पाठवतो. आणि आता म्हणे एआय पाच मिनिटांत लोगो काढून देतं. काढतं की. देवनागरीच्या जोडाक्षरांत अजून गडबडतं, पण तेही सुधारेल. मग मला कशाला फोन करता? पाच मिनिटांत निघालेल्या वीस लोगोंपैकी कोणता घ्यायचा हे कळत नाही, म्हणूनच ना? ते कळणं हाच तर माझा धंदा आहे.

मी स्वतः काय करते ते सांगून टाकते. गल्लीतल्या तालीम मंडळाचं गणपतीचं सगळं काम मी करते, पत्रिका, कमानीचं डिझाइन, अहवालाचं मुखपृष्ठ. बरीच वर्षं नुसतंच करत होते. मंडळ मांडववाल्याला पैसे देतं, लाइटवाल्याला देतं, बँजोवाल्यांना आगाऊ देतं. मला नारळ आणि शाल. एका वर्षी वर्गणी मागायला पोरं आली. मी ५०१ दिले, त्यांनी पावती फाडली. तेव्हा डोक्यात आलं ते बोलून टाकलं. म्हटलं, अरे, या पाचशेची पावती फाडता, मग मी दिलेल्या कामाची का नाही? माझ्या दराने ते १५,००० रुपयांचं होतं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अध्यक्षांना वाटलं काकूंना पैसे पाहिजेत. मला पैसे नको होते, नोंद हवी होती. त्या वर्षीच्या अहवालात जमेच्या बाजूला ओळ आली: डिझाइनकाम, देणगीदाखल, रु. १५,०००. पुढच्या वर्षी कार्यकर्त्यांनी चार दिवस आधी मजकूर दिला, शुद्धलेखन तपासून दिला, आणि करेक्शन एकदाच सांगितलं. काम फुकटच होतं. फरक त्या एका ओळीने पडला.

तेव्हापासून मित्रांच्या कामालाही मी बिल करते. पूर्ण रक्कम लिहायची, खाली स्नेहसवलत, खाली उरलेली रक्कम. कधी ती शून्य असते, कधी निम्मी. रक्कम मी ठरवते, आधी सांगते, आणि काम सुरू व्हायच्या आत समोरचा हो म्हणतो. दोघेजण दुरावले. दोघांवरच भागलं याचं मलाच आश्चर्य वाटलं, मी वीस तरी धरले होते. एकाने शून्याचं बिल बघून आग्रहाने पैसे पाठवले. आपण कितीचं काम फुकट मागत होतो हे त्याला माहीतच नव्हतं.

मिसळवाल्या मित्राला असं बिल द्यायचं राहून गेलं होतं. तीन वर्षं गेली, हॉटेल जोरात चाललं. मग मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. पुण्यात फ्रँचायझी घ्यायला एकजण तयार झाला होता. ट्रेडमार्कचा अर्ज करायचा ठरलं. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन एका वर्गाचे ४,५०० रुपये सरकारी शुल्क पडतं, वर वकिलाची फी, आणि ते याने कुरकुर न करता भरायची तयारी ठेवली होती. समोरच्या वकिलाने मात्र एक साधा प्रश्न विचारला: हा लोगो कोणी काढला, आणि तो तुमच्या नावावर झाल्याचा कागद कुठे आहे?

कागद नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कोणाच्या नोकरीत नसताना काढलेल्या चित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या काही प्रकारच्या कामांना अपवाद आहेत. फुकट घेणाऱ्याला त्या अपवादाचाही आधार नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे तीन वर्षं तो ज्या ठ च्या पोटावर पोट भरत होता, तो ठ कायद्याने माझा होता. मला हे माहीत होतं, त्याला नव्हतं. नव्हतं म्हणजे, कधी विचारायची वेळच आली नव्हती.

"एक सही पाहिजे फक्त," तो म्हणाला. "वकील कागद पाठवतोय. दोन मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, सही करते, कायमची, सगळ्या जगासाठी करते. आणि मग, अठरा वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा, एका जवळच्या मित्राला भीड न धरता पूर्ण रक्कम सांगितली. तीन वर्षांपूर्वीचे २१ तास, करेक्शनच्या फेऱ्या, मिशीवाली मिरची, सगळं धरून जे होत होतं ते. स्नेहसवलत न लावता.

पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी एक्स्ट्रा पाव मागत होतं.

मग तो म्हणाला, "जीएसटी धरून का?"